लाकडांच्या ढिगातून आलेली बातमी

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास शिकवताना वर्गात एक प्रश्न हटकून येतो. जर्मनीच्या नाझी राजवटीने लाखो ज्यू लोकांना आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून छावण्यांत नेले आणि विषारी वायूने मारले, एवढे सांगून होते न होते तोच एखादा मुलगा उठतो आणि विचारतो, "सर, एवढी माणसं मुकाट्यानं गाडीत बसलीच कशी? पळून का नाही गेली?" शिक्षक मंडळींनाही हा प्रश्न नवा नसेल. मी कित्येक वर्षे त्याला ठराविक उत्तर देत असे. शिपायांजवळ बंदुका होत्या, गावोगाव पहारे होते, पळून जायला जागा नव्हती, वगैरे. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. पुरे उत्तर मला एका माणसाच्या हकीकतीत सापडले. हा माणूस एकदा नव्हे, अनेकदा पळाला आणि प्रत्येक वेळी पकडला गेला. शेवटी जिथून कोणी पळू शकत नाही असे समजले जाई, तिथूनही तो निसटला. तो केवळ स्वतःचा जीव वाचवायला पळाला नव्हता, तर एक बातमी घेऊन पळाला होता. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

प्रथम ज्यू म्हणजे कोण, हे थोडक्यात पाहू. आपल्या कोकणातल्या, विशेषतः अलिबागेकडच्या वाचकांना हे लोक परके नाहीत. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले जाणारे बेने इस्रायल लोक ते हेच. मराठी बोलणारी, आपल्यासारखीच राहणारी ही मंडळी शेकडो वर्षे इथे निर्धास्तपणे नांदली. पुढे त्यांतली बरीच कुटुंबे इस्रायलला गेली, पण कोणी हाकलले म्हणून नव्हे. युरोपातल्या त्यांच्या धर्मबांधवांचे नशीब इतके चांगले नव्हते. १९३३ साली हिटलर जर्मनीचा सत्ताधीश झाला आणि त्याने ज्यूंविरुद्ध कायदे करायला आरंभ केला. पुढे युद्धात जो जो देश त्याच्या कह्यात किंवा पंखाखाली गेला, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी तसलेच कायदे पोचले.

असाच एक छोटा देश म्हणजे मध्य युरोपातला स्लोव्हाकिया. तिथे टोपोलचानी नावाच्या गावी ११ सप्टेंबर १९२४ रोजी एका ज्यू घरात एक मुलगा जन्मला. वडील लाकूड कापण्याची गिरणी चालवीत. त्याचे मूळ नाव वाल्टर रोझेनबर्ग. पुढे त्याने रुडॉल्फ व्हर्बा हे नाव घेतले आणि जग त्याला त्याच नावाने ओळखते, म्हणून आपणही व्हर्बाच म्हणू. वडील लहानपणीच वारले. पोरगा हुशार, भाषांची आवड असलेला. पण ज्यूंना शाळेत बसता येणार नाही, असा नियम झाला आणि पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. आईबरोबर तो त्र्नावा या गावी राहून मोलमजुरी करू लागला. जवळची पुस्तकेसुद्धा जमा करण्याचा हुकूम झाला, तरी त्याने लपूनछपून अभ्यास चालूच ठेवला.

१९४२ च्या आरंभी सरकारने हुकूम काढला की, ज्यूंना पोलंडात 'वसाहतीसाठी' पाठवण्यात येईल. प्रथम तरुण मुलगे आणि मुली जातील, मागाहून कुटुंबे. स्लोव्हाक सरकारने पाठवलेल्या प्रत्येक ज्यू माणसामागे जर्मनीला ५०० मार्क देण्याचे कबूल केले होते. म्हणजे माणसे न्यायची त्यांची आणि वर खर्चही द्यायचा! त्या वर्षी मार्च ते ऑक्टोबर या काळात सुमारे ५८,००० माणसे स्लोव्हाकियातून गेली. व्हर्बा सतरा वर्षांचा होता. त्याने आईला सांगून टाकले, "मी वासरासारखा डब्यात बसून जाणार नाही." ज्यूंनी कपड्यावर लावायचा पिवळा तारा त्याने उसवून टाकला, भाड्याच्या मोटारीने सीमा गाठली आणि रात्री चालत हंगेरीत शिरला. हे त्याचे पहिले पलायन. तो बुडापेस्ट शहरापर्यंत पोचला. पण तिथे राहणे धोक्याचे झाले, म्हणून परत फिरला, आणि सीमेवर हंगेरीच्या शिपायांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला बेदम मारले. तिथून त्याची रवानगी नोव्हाकी येथील छावणीत झाली.

नोव्हाकीहून तो पुन्हा पळाला. हे दुसरे पलायन. या खेपेस तो सापडला तो एका क्षुल्लक कारणाने. ऐन उन्हाळ्यात या पोराने पायांत मोज्यांचे दोन जोड घातलेले एका पोलिसाच्या नजरेस आले. घर सोडून निघालेला माणूसच अंगावर जास्तीचे कपडे चढवतो, हे पोलिसाने ताडले. झाले! जून १९४२ मध्ये त्याला मालडब्यात घालून पोलंडातील मायदानेक छावणीत नेण्यात आले. तिथे शेतकामासाठी माणसे हवीत असे विचारण्यात आले, तेव्हा उघड्या रानात पळायला सोपे जाईल या हिशेबाने त्याने हात वर केला. शेतकाम कुठले नि काय! ३० जून १९४२ रोजी तो ऑश्विट्झच्या फाटकात उभा होता. त्याच्या हातावर ४४०७० हा आकडा गोंदण्यात आला.

ऑश्विट्झ हे पोलंडातील एका गावाचे जर्मन नाव. तिथे मूळ छावणी आणि तीन-एक किलोमीटरांवर बिर्केनाउ नावाची दुसरी अफाट छावणी होती. युरोपच्या कानाकोपऱ्यातून आगगाड्या येत. फलाटावर उतरताच माणसांची निवड होई. धडधाकट तरुण एका बाजूस, म्हणजे कामाला. म्हातारे, आजारी, मुले आणि मुलांच्या आया दुसऱ्या बाजूस. दुसऱ्या बाजूच्या लोकांना 'आंघोळीला चला' म्हणून नेत आणि विषारी वायूच्या खोल्यांत कोंडीत. दोन-तीन तासांपूर्वी गाडीतून उतरलेले कुटुंब संध्याकाळी नाहीसे झालेले असे. ही छावणी चालू असेपर्यंत तिथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, आणि त्यांतील सुमारे १० लाख ज्यू होती.

व्हर्बाला काम मिळाले ते आलेल्या लोकांचे सामान उतरवून वखारीत नेण्याचे आणि निवडण्याचे. या वखारीला कैद्यांनी 'कॅनडा' असे नाव दिले होते, कारण कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश! जवळजवळ दहा महिने तो फलाटावर येणाऱ्या गाड्या पाहत होता. आणि सामान उपसताना त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती नीट ऐका, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. पेट्यांत काय निघे? थंडीचे कपडे, उन्हाळ्याचे कपडे, भांडीकुंडी, पोरांची दुपटी, कारागिराची हत्यारे, औषधे. मरायला निघालेला माणूस हिवाळ्याचा कोट बांधून नेत नाही. ही माणसे नव्या गावी संसार मांडायला निघालेली होती. त्यांना तसेच सांगण्यात आले होते आणि त्यांनी ते खरे मानले होते.

म्हणजे या सबंध यंत्राचे वंगण होते अज्ञान. हजार-दोन हजार माणसांची एक गाडी आली आणि त्यांना जर कळले की, आपल्याला मारायला आणले आहे, तर ती बिथरतील, डब्यातून उतरणार नाहीत, रानोमाळ पळतील. मग मूठभर शिपायांना ती आवरणार नाहीत, पुढच्या गाड्या खोळंबतील. म्हणून पहारेकरी फलाटावर शब्दही बोलू देत नसत. व्हर्बाच्या मनाने घेतले की, बाहेरच्या लोकांना इथे काय चालते ते कळले, तर हे यंत्र तसेच चालू शकणार नाही. म्हणून पळायचे ते सांगण्यासाठी.

सांगायचे तर नेमके सांगता आले पाहिजे. कागदावर टिपले तर झडतीत सापडणार. म्हणून तो पाठांतर करू लागला. कुठल्या देशाची गाडी, डबे किती, अंदाजे माणसे किती, किती कामाला गेली, कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत क्रमांक गोंदले, हे सारे तो रोज मनाशी घोकत असे. आपली जुनी मंडळी पाढे आणि परवचा म्हणत, तशातलाच हा प्रकार. पण किती भयंकर! जून १९४३ पासून त्याला बिर्केनाउच्या एका विभागात नोंदणी-कारकुनाचे काम मिळाले, त्यामुळे आकडे पडताळून पाहता येऊ लागले आणि थोडे हिंडता-फिरता येऊ लागले. तिथे त्याला त्याच्याच गावचा आल्फ्रेड वेट्झलर भेटला. तो व्हर्बाहून सहा वर्षांनी मोठा, एप्रिल १९४२ पासून छावणीत असलेला आणि तोही कारकूनच. त्र्नावाहून आलेल्या सहाशेच्या आसपास पुरुषांपैकी १९४४ साल उजाडले तेव्हा हे दोघेच जिवंत उरले होते, असे व्हर्बाने पुढे सांगितले आहे.

मार्च १९४४ मध्ये एक प्रसंग घडला. झेक प्रांतातून आणलेली काही हजार माणसे सहा महिने बायकामुलांसह एकत्र ठेवली होती. त्यांची मुदत संपली असून त्यांना मारणार आहेत, अशी खबर कैद्यांच्या गुप्त गटाला लागली. व्हर्बाने ती खबर त्यांच्यातील फ्रेडी हिर्श नावाच्या तरुणाला दिली. हिर्श तिथल्या मुलांचा लाडका शिक्षक होता. उठाव केला तर त्याचे पुढारीपण कोणी करायचे? सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. त्याला पहिला विचार आला तो मुलांचा. झटापट झाली तर या लेकरांचे काय? थोड्याच वेळाने तो औषधाच्या अतिमात्रेने बेशुद्ध पडलेला आढळला. ८ मार्चच्या रात्री सुमारे ३,८०० माणसे मारली गेली. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज धुराडी धुमसत होती, तरीही आपल्यावर ही पाळी येईल यावर पुष्कळांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नव्हता. खबर वेळेवर पोचणे पुरेसे नसते, हा धडा व्हर्बा तिथे शिकला.

त्याच सुमारास बिर्केनाउत नवा लोहमार्ग आणि नवा फलाट बांधण्याचे काम जोरात चालले होते. आता गाड्या थेट वायूच्या खोल्यांपर्यंत येणार होत्या. हे कोणासाठी? १९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजा हंगेरीत घुसल्या होत्या आणि हंगेरीत अजून सात-आठ लाख ज्यू जिवंत होते. आता हंगेरीच्या लोकांची पाळी आहे, हे आपल्याला छावणीतच कळले होते, असे व्हर्बाने पुढे लिहिले आहे. पळायचे तर आता, एक दिवसही वाया न घालवता.

पण पळायचे कसे? छावणीला दोन कडी होती. आतले कडे राहत्या बराकींभोवतीचे. विजेचा प्रवाह सोडलेले काटेरी कुंपण आणि पहाऱ्याचे मनोरे. बाहेरचे कडे काही किलोमीटर परिघाचे, ज्याच्या आत कैदी दिवसा काम करीत. संध्याकाळी कैदी आत परतले, हजेरी बरोबर भरली की, बाहेरच्या कड्यावरचे पहारेकरी उतरून जात, कारण तेव्हा मधल्या पट्ट्यात राखायला कोणी उरतच नसे. मात्र हजेरीत एक जरी माणूस कमी भरला तरी भोंगा वाजे आणि बाहेरचे कडे तीन दिवस, तीन रात्री जागेवर राही. शेकडो शिपाई आणि कुत्री मधली इंच इंच जागा धुंडाळीत. तीन दिवसांत माणूस मिळाला नाही तर तो निसटला असे समजून पहारा उठवीत आणि पुढचा शोध बाहेर सुरू होई.

आता या व्यवस्थेत फट कुठे आहे ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. दोन कड्यांच्या मधल्या पट्ट्यात एखाद्याला तीन दिवस, तीन रात्री लपून राहता आले, तर चौथ्या रात्री त्याच्या आणि मोकळ्या रानाच्या मध्ये कोणी नसते. त्या पट्ट्यात नव्या बराकी बांधण्यासाठी फळ्यांचे ढीग रचून ठेवले होते. आपल्याकडे कडब्याची गंजी रचतात तसे. एका ढिगाच्या पोटात काही कैद्यांनी चार माणसे मावतील एवढी पोकळी ठेवून दिली होती. या पोकळीत लपून आधी चार कैदी निसटले होते. ते पुढे पकडले गेले आणि त्यांचे अतोनात हाल झाले, तरी त्यांनी ही जागा सांगितली नाही. त्यांचे हे ऋण विसरू नका. त्यांच्यातला एक जरी बोलला असता तर ही हकीकत इथेच संपली असती.

७ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारी दोनची वेळ. त्या संध्याकाळी ज्यूंचा वल्हांडण सण सुरू होणार होता. मिसर देशातील गुलामीतून आपले पूर्वज सुटले, त्या सुटकेची आठवण म्हणून हा सण पाळतात. व्हर्बा आणि वेट्झलर डच कापडाचे कोट आणि दणकट बूट घालून त्या पोकळीत उतरले. हे कपडे 'कॅनडा'मधून मिळवलेले होते. दोघा पोलिश कैद्यांनी वरून फळ्या सारख्या केल्या. एका रशियन युद्धकैद्याने व्हर्बाला एक युक्ती शिकवून ठेवली होती. रशियन तंबाखू पेट्रोलमध्ये भिजवून वाळवायची आणि आजूबाजूला भुरभुरायची, म्हणजे कुत्र्याला माणसाचा वास लागत नाही. तसे त्यांनी केले.

संध्याकाळी हजेरीत दोन माणसे कमी भरली आणि भोंगा वाजला. शिपायांच्या धावपळीचे, कुत्र्यांच्या हुंगण्याचे आवाज अगदी डोक्याशी येऊ लागले. खोकला येऊ नये म्हणून दोघांनी तोंडाला फ्लॅनेलच्या पट्ट्या आवळून बांधल्या होत्या. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन शिपाई त्याच ढिगावर चढले आणि एकेक फळी बाजूला करू लागले. आत दोघांनी सुऱ्या हातात घेतल्या. इतक्यात दुसरीकडे कसलासा गलका झाला आणि शिपाई उड्या टाकून तिकडे पळाले. याला दैव म्हणा, योगायोग म्हणा. १० एप्रिलच्या संध्याकाळी पहारा उठवल्याची हाळी मनोऱ्या-मनोऱ्यांवरून फिरली. रात्री त्यांनी वरच्या फळ्या रेटल्या तर त्या हलेनात! सगळी ताकद एकवटली तेव्हा कुठे आकाश दिसले. तीन दिवस आखडून पडलेल्या पायांनी ते सरपटत कड्याबाहेर गेले.

पुढे स्लोव्हाकियाच्या हद्दीपर्यंत सुमारे १३० किलोमीटरांची वाट होती. नकाशा नाही, कागदपत्र नाहीत, केस भादरलेले, हातावर आकडा. मुलांच्या एका भूगोलाच्या नकाशापुस्तकातले पान व्हर्बाने 'कॅनडा'त असताना पाहून मनात ठेवले होते. सोला नदी दक्षिणेकडून येते, तिच्या उगमाच्या दिशेने गेले की आपला मुलूख, एवढाच त्याचा नकाशा. दिवसा झाडीत पडून राहायचे, रात्री चालायचे. एका रात्री वाट चुकून ते भलत्याच शहरात शिरले. मग पहाटे एका खेड्यातले दार ठोठावले, तेव्हा एका पोलिश शेतकरी बाईने त्यांना घरात घेऊन बटाट्याचे कालवण आणि भाकरी दिली. पळालेल्याला आसरा देणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती, हे तिला ठाऊक होते. पुढे डोंगरात जर्मन गस्तीने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पळता पळता अंगावरचे कोट आणि शिधा मागे राहिला. व्हर्बाचे पाय इतके सुजले की, बूट पात्याने कापून काढावे लागले. पुन्हा एका अनोळखी पोलिश बाईने खाऊ घातले आणि एका वृद्ध माणसाने हद्दीपर्यंत वाट दाखवली. २१ एप्रिलला ते स्लोव्हाकियात पोचले, तेव्हा पहिला थारा मिळाला तोही एका शेतकऱ्याकडे.

झिलिना नावाच्या गावी ज्यू मंडळाचे लोक त्यांना भेटायला आले. ते एकदम विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि यात त्यांची चूक नाही. असली गोष्ट कोणी सांगितली तर तुम्हीआम्ही तरी ठेवू का? त्यांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि स्वतंत्रपणे विचारत गेले. १९४२ मध्ये कुठल्या गाडीने कोण गेले याच्या याद्या मंडळापाशी होत्या, त्यांच्याशी ताडून पाहिले. दोघांची उत्तरे जुळली आणि याद्यांशीही जुळली. मग ते सारे संगतवार लिहून काढण्यात आले. छावणीचे नकाशे, वायूच्या खोल्यांची रचना, गाड्यांची यादी. एप्रिल संपायच्या आत सुमारे चाळीस पानांचा अहवाल तयार झाला. त्यातला बळींचा एकूण आकडा आजच्या संशोधनापेक्षा बराच मोठा होता. पण छावणी कशी चालते याचे त्यांनी केलेले वर्णन मुळात खरे ठरले. मोजदाद करणाराच कैदी असतो तेव्हा आकड्यात चूक राहू शकते, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे. त्यामुळे साक्ष खोटी ठरत नाही.

आता बातमी कागदावर आली होती. पण पोचली का? मे महिन्याच्या १५ तारखेला हंगेरीतून गाड्या सुटू लागल्या. ९ जुलैपर्यंत, म्हणजे आठ आठवड्यांच्या आत, १४७ गाड्यांतून सुमारे ४ लाख ३७ हजार माणसे हंगेरीतून नेण्यात आली. त्यांतली बहुतेक सारी ऑश्विट्झला, आणि बहुतेक सारी उतरल्या दिवशीच मारली गेली. अहवाल हंगेरीतल्या काही ज्यू पुढाऱ्यांच्या हाती गेला होता. परंतु गावोगावच्या लोकांना कोणी सांगितले नाही. व्हर्बाला हे मरेपर्यंत क्षमा करता आले नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच 'मी क्षमा करू शकत नाही' अशा अर्थाचे आहे. दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पुढारी जर्मन अधिकाऱ्यांशी वाटाघाटी करून काही जीव वाचवू पाहत होते. तरुण पुरुष आधीच सक्तीच्या मजुरीवर गेलेले, घरी म्हातारे, बायका, मुले. कळले असते तरी ती कुठे पळणार होती, असे काही इतिहासकार म्हणतात. हा वाद अजून मिटलेला नाही. व्हर्बाचे म्हणणे साधे होते. पळून जगली असती की मेली असती हे कोण सांगणार? पण ठरवण्याचा हक्क त्यांचा होता, आणि तो हक्क माहितीवाचून बजावता येत नाही.

तरी बातमी थांबली नाही. २७ मे रोजी आणखी दोन कैदी, चेस्लाव मोर्डोविच आणि आर्नोश्त रोसिन, बिर्केनाउतून निसटले. हंगेरीच्या पहिल्या गाड्यांचे काय झाले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अहवालाच्या प्रती हातोहाती स्वित्झर्लंडला पोचल्या. जूनच्या मध्यास बीबीसीने आकाशवाणीवरून बातमी दिली. स्वित्झर्लंडच्या वृत्तपत्रांत थोड्याच आठवड्यांत ३८० हून अधिक लेख आले. पोप, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, स्वीडनचे राजे यांनी हंगेरीचे राज्यप्रमुख होर्ती यांना बजावले. जुलैच्या आरंभी बुडापेस्टवर बॉम्बवर्षावही झाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात होर्तीने गाड्या थांबवण्याचा हुकूम दिला. तोवर खेड्यापाड्यांतले ज्यू नाहीसे झाले होते, पण राजधानीतील सुमारे दोन लाख माणसांच्या गाड्या सुटल्या नाहीत. ऑक्टोबरात हंगेरीत नाझींच्या चेल्यांचे राज्य आले आणि त्यांतल्याही हजारोंचा बळी गेला. तरीही युद्ध संपले तेव्हा बुडापेस्टात लाखाहून अधिक ज्यू हयात होते. त्यांच्या जगण्यात लाकडांच्या ढिगात तीन दिवस काढणाऱ्या दोघांचा मोठा वाटा आहे.

व्हर्बा सप्टेंबर १९४४ मध्ये स्लोव्हाक बंडखोरांना मिळून जर्मनांशी लढला. ऑश्विट्झ २७ जानेवारी १९४५ रोजी मुक्त झाले. नंतर शिक्षणाची राहिलेली इच्छा त्याने पुरी केली. प्राग येथे रसायनशास्त्र शिकला आणि अनेक देश फिरून १९६७ मध्ये खऱ्याखुऱ्या कॅनडात जाऊन औषधशास्त्राचा प्राध्यापक झाला! न्यायालयांत त्यांनी वारंवार साक्षी दिल्या. वेट्झलर स्लोव्हाकियातच राहिले आणि टोपणनावाने त्यांनी ही हकीकत लिहिली. ते १९८८ मध्ये वारले, तर प्राध्यापक व्हर्बा २७ मार्च २००६ रोजी.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. माणसं मुकाट्यानं गाडीत का बसली? कारण ती नव्या घरी निघाली होती. त्यांच्या पेट्यांत थंडीचे कोट होते. ज्यांना ठाऊक होते त्यांना सांगू दिले जात नव्हते, ज्यांनी सांगितले त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता आणि ज्यांचा विश्वास बसला त्यांनी उशीर केला. बातमी कळणे, ती पोचणे, ती पटणे आणि मग हातपाय हलवणे, या चार पायऱ्या आहेत. एक जरी निखळली तरी माणूस खाली येतो.

गुरुजींनी ही गोष्ट वर्गात सांगावी. सांगताना शूर कैद्यांबरोबर त्या पोलिश बाईचीही आठवण करून द्यावी. तिचे नाव कुठल्या शिळेवर कोरलेले नाही. पहाटे दारावर दोन फाटकी माणसे उभी होती. दार लावून घेणे तिला शक्य होते, आणि तिला कोणी दोषही दिला नसता. तिने ते उघडले. पुढचे सारे त्या उघड्या दारातून गेले.